औषध कधी थांबवायचे?

गेल्या पल्स पोलिओच्या रविवारी आमच्या दवाखान्याशेजारच्या बुथवर एक तरुण बाप तीन वर्षांच्या मुलीला घेऊन आला. मुलीच्या तोंडात दोन थेंब पडले, करंगळीवर शाईची खूण झाली आणि त्याने मला विचारले, "डॉक्टर, पोलिओ देशातून गेला असे तुम्हीच सांगता. मग हे डोस अजून किती वर्षे? का सरकार बंद करायचे विसरले?"

रांगेतली मंडळी हसली. मीही हसलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. गर्दी होती म्हणून दोन वाक्यांत त्याची बोळवण केली. आज या सदरातून त्याला सविस्तर उत्तर द्यावे म्हणतो. कारण हा प्रश्न एकट्या पोलिओचा नाही. सरकारने सुरू केलेले काम बंद कधी करायचे, कसे करायचे, आणि चुकीच्या वेळी बंद केले तर त्याची किंमत कोण मोजतो, असा तो प्रश्न आहे.

सुरुवात माझ्या दवाखान्यापासून करतो. औषध थांबवण्याच्या बाबतीत चुकणारे दोन प्रकारचे पेशंट माझ्याकडे नेहमी येतात. पहिला क्षयाचा. दोन महिने गोळ्या घेतल्या की त्याचा खोकला थांबतो, वजन वाढते, तोंडाला चव येते. मग तो स्वतःच डॉक्टर होतो आणि गोळ्या सोडून देतो. काही महिन्यांनी परत येतो तेव्हा जंतू पहिल्यापेक्षा कडवे झालेले असतात. दुसऱ्या म्हणजे आजीबाई. कधीकाळी कोण्या डॉक्टरने पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली ॲसिडिटीची गोळी त्या दहा वर्षे घेत असतात. का, तर "आता बंद करा" असे त्यांना कोणी सांगितलेच नाही. पहिल्याने औषध लवकर सोडले, दुसरीचे सुटलेच नाही.

सरकारी कार्यक्रमांचे नेमके हेच होते. कार्यक्रम सुरू करताना फीत कापली जाते, भाषणे होतात, फोटो छापून येतात. तो चालू झाला की त्यावर माणसांचे पगार अवलंबून असतात, रजिस्टरे असतात, गाड्या असतात, दरमहा वर पाठवायचे तक्ते असतात. म्हणून गरज संपली तरी तो सहजी बंद होत नाही. उलट, रोग थोडा कमी झाला की पैसे वाचवण्यासाठी किंवा विजय जाहीर करण्यासाठी तो घाईने गुंडाळलाही जातो. दोन्ही चुका आपल्या देशाने केल्या आहेत. आणि एक-दोनदा हे काम उत्तम रीतीने करूनही दाखवले आहे. आधी त्याबद्दल.

देवी आणि नारू

माझ्या दंडावर देवीचे दोन वण आहेत. माझ्या वयाच्या बहुतेक वाचकांच्या हातावर ते असतील. माझ्या मुलाच्या दंडावर बीसीजीचा वण आहे, देवीचा नाही. नीट संपवलेले काम कसे दिसते याची ही खूण.

१९७४ साली भारतात देवीचे जवळजवळ १ लाख ८८ हजार रुग्ण नोंदले गेले आणि ३१ हजारांवर माणसे दगावली. पुढच्याच वर्षी, मे १९७५ मध्ये, देशातला शेवटचा रुग्ण सापडला. कोणालाही वाटेल, झाले, आता पेढे वाटा. पण देश देवीमुक्त झाल्याचे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी मान्य केले ते एप्रिल १९७७ मध्ये. मधली दोन वर्षे काय चालले होते? शोध चालला होता. पथके गावोगावी, घरोघरी देवीच्या रुग्णाचे चित्र दाखवत हिंडत होती. रुग्ण दाखवणाऱ्याला बक्षीस लावले होते. अंगावर पुरळ आले असे कळले की माणूस पाहायला जाई. बहुतेक वेळा कांजिण्या निघत. तरी तो जाई. आपण जिंकलो आहोत हे गृहीत न धरता, कुठे हरलो तर नाही ना, हे ते शोधत होते. १९८० साली सारे जग देवीमुक्त जाहीर झाले.

देवीची लसही अगदीच निरुपद्रवी नव्हती. क्वचित एखाद्या मुलाच्या मेंदूला सूज येई, मृत्यूही होई. रोग असताना हा धोका पत्करणे शहाणपणाचे होते. रोग गेल्यावर तोच धोका विनाकारण झाला असता. म्हणजे वेळेवर बंद करणे हाही उपचाराचाच भाग होता.

आणि देवी टोचणारी माणसे? त्यांना घरी पाठवले नाही. देवी, हिवताप, कुटुंबनियोजन अशा वेगवेगळ्या कामांचे कर्मचारी एकत्र करून बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी करावेत, अशी शिफारस कर्तारसिंग समितीने १९७३ सालीच केली होती. पुढे १९७८ मध्ये बालकांच्या लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम आला. ज्याला आपली पोटाची भाकरी जाणार नाही याची खात्री असते, तो माणूस "रोग संपला" हे प्रामाणिकपणे लिहितो.

नारूची कथाही तशीच. आपल्या राज्यातही नारू होता. पायऱ्यांच्या विहिरीतले पाणी पिणाऱ्या गावांत पायातून निघणारा तो लांब दोऱ्यासारखा जंत काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढणारी माणसे जुन्या वाचकांनी पाहिली असतील. त्यावरचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३-८४ च्या सुमारास सुरू झाला. शेवटचा रुग्ण राजस्थानात जुलै १९९६ मध्ये सापडला आणि दाखला मिळाला फेब्रुवारी २००० मध्ये. रुग्ण नसताना साडेतीन वर्षे पहारा ठेवला. म्हणून नारू परत आला नाही.

हिवताप : अर्धवट सोडलेला कोर्स

आता दुसरी बाजू. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि सुमारे आठ लाख मरत असत, असा अंदाज होता. घरोघरी डीडीटीची फवारणी झाली. १९५८ मध्ये 'नियंत्रण' हा शब्द जाऊन 'निर्मूलन' आला. १९६५ पर्यंत रुग्ण लाखाच्या आसपास आले आणि मृत्यूची नोंद शून्यावर आली. एवढे मोठे यश क्वचितच कोणाला मिळाले असेल.

१९७६ साली देशात हिवतापाचे ६४ लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. मी तेव्हा लहान होतो. वडील थंडीने कुडकुडत होते आणि आई त्यांच्या अंगावर घरातली एक एक गोधडी टाकत होती, एवढे मला स्वच्छ आठवते. ज्या भिंतीला टेकून ते बसले होते तिच्यावर जुन्या फवारणीची तारीख अजून दिसत होती.

असे का झाले? डास डीडीटीला दाद देईनासे झाले, डीडीटी वेळेवर आणि पुरेसे मिळेना, शहरांतल्या डासांकडे आधी फारसे कोणी पाहिले नव्हते, ही कारणे खरीच. पण आणखी एक कारण आमच्या क्षयाच्या पेशंटसारखे आहे. ज्या भागात रुग्ण कमी झाले तो भाग 'आता फक्त देखरेखीचा' असे म्हणून खास पथके काढून घेतली आणि काम नेहमीच्या आरोग्य केंद्रांकडे सोपवले. ती केंद्रे पुष्कळ ठिकाणी उभीच राहिली नव्हती. जिथे होती तिथे माणसे नव्हती. काम एका हातातून सुटले, पण दुसऱ्या हाताने ते धरलेच नाही. १९७७ मध्ये नव्याने सुधारित योजना आखावी लागली. आता २०३० पर्यंत हिवताप संपवण्याचे ध्येय देशाने ठेवले आहे. साठ वर्षांपूर्वी जे हातातोंडाशी आले होते, त्यासाठी पुन्हा धाव चालली आहे.

कागदावर बंद झालेले टार्गेट

तिसरा प्रकार मी स्वतः भोगलेला. एम.बी.बी.एस. झाल्यावर काही वर्षे मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी केली. तेव्हा कुटुंबनियोजनाचे टार्गेट असे. नर्सबाईंना टार्गेट, आम्हाला टार्गेट, गुरुजींना आणि ग्रामसेवकालाही 'केस' आणण्याचा तगादा. मार्च महिना जवळ आला की माणसाकडे माणूस म्हणून पाहणे संपे. तो एक केस होई.

एप्रिल १९९६ पासून ही टार्गेटपद्धती देशभर रद्द झाली. निर्णय योग्यच होता. गावाची गरज विचारा, त्याप्रमाणे कामाचा आराखडा करा, असे परिपत्रक आले. भिंतीवरचा तक्ता मी स्वतः उतरवला. नर्सबाई मात्र गोंधळल्या. "साहेब, मग आता आम्ही करायचे काय?" असे त्यांनी विचारले. गरज विचारायची म्हणजे काय, कोणती वही ठेवायची, काम चांगले झाले हे कशावरून ठरणार, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. मलाही नव्हते. डिसेंबर उजाडला आणि वरून फोन आला, "डॉक्टर, तुमच्या केसेस किती झाल्या?" 'टार्गेट' हा शब्द गेला होता. 'अपेक्षित काम' हा शब्द आला होता. तक्ता पुन्हा भिंतीवर चढला.

या अर्धवट बदलाची किंमत बायाबापड्यांनी मोजली. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांच्या शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या आणि त्यानंतर दहाहून अधिक जणी दगावल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करा आणि टार्गेट लादू नका. टार्गेट रद्द झाल्याला तेव्हा वीस वर्षे होऊन गेली होती. आदेशाने कागद बदलतो. वरिष्ठ काय विचारतात, गोपनीय अहवालात काय लिहिले जाते आणि शाबासकी कशाला मिळते, हे जोवर बदलत नाही, तोवर जुने काम नव्या नावाने चालूच राहते.

माझी स्वतःची चूक

आतापर्यंत सरकारच्या चुका सांगितल्या. आता माझी सांगतो. ती सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही.

डिसेंबर २००५ मध्ये देशातले कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजार लोकांमागे एकापेक्षा खाली आले. त्याला 'सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून दूरीकरण' असे लांबलचक नाव होते. वाचणाऱ्यांनी ते छोटे केले : कुष्ठरोग गेला. मीही तसेच वाचले. त्याआधीच हा स्वतंत्र कार्यक्रम नेहमीच्या आरोग्यसेवेत मिसळण्यात आला होता. घरोघर फिरून अंगावरचे चट्टे तपासणारे कुष्ठतंत्रज्ञ हळूहळू दिसेनासे झाले.

त्यानंतर दोनेक वर्षांनी एक भजीवाला माझ्याकडे आला. हातावर फिकट चट्टा होता. खाज नाही, दुखणे नाही. मी नायट्याचे मलम दिले. बरे वाटेना म्हणून दुसरे दिले. असे पाच महिने गेले. गावात तो प्रसिद्ध होता, कारण गरम कढई तो नुसत्या हाताने उचलायचा. लोक कौतुक करायचे. मीही त्याच्या गाडीवर उभा राहून ते कौतुक केले आहे.

एके दिवशी निवृत्त झालेले एक कुष्ठतंत्रज्ञ त्याला घेऊन माझ्याकडे आले. भजी खाताना त्यांचे लक्ष त्याच्या हाताकडे गेले होते. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट आत वळू लागले होते. ते गृहस्थ मोठे सभ्य. मला एवढेच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, एकदा कापसाने तपासून बघता का?" मी भजीवाल्याला डोळे मिटायला सांगितले आणि चट्ट्यावर कापूस फिरवला. त्याला काही कळले नाही. कोपराच्या मागची नस चाचपली. ती दोरीसारखी जाड लागली. पहिल्याच दिवशी हे करायला मला दोन मिनिटे लागली असती.

औषधाने त्याचा रोग बरा झाला. बोटे मात्र पूर्वीसारखी सरळ झाली नाहीत. तो मला कधी काही बोलला नाही. पण त्याच्या गाडीवरून जाताना आजही माझी नजर खाली जाते.

मी डॉक्टर असून का चुकलो? कारण जो रोग संपला असे मी धरून चाललो होतो, तो मी शोधायचाच थांबलो होतो. देशाचेही तेच झाले. कुष्ठरोग अंगात शिरल्यापासून दिसायला सरासरी पाच वर्षे, कधी वीस वर्षेही लागतात. अशा संथ रोगाचा पहारा लवकर सैल केला की रुग्ण कमी होत नाहीत, फक्त कमी सापडतात. २०१६ मध्ये सरकारने निवडक जिल्ह्यांत पुन्हा घरोघर शोधमोहीम घेतली तेव्हा हजारो दडलेले रुग्ण बाहेर आले. आजही आपल्या देशात दरवर्षी सुमारे एक लाख नवे रुग्ण सापडतात. जगातल्या नव्या रुग्णांपैकी हे निम्म्याहून अधिक आहेत.

बंद करणे हेही एक काम

सांगायचा मुद्दा असा की कार्यक्रम बंद करणे म्हणजे नुसते कुलूप लावणे नव्हे. सुरू करण्याला जशी माणसे, पैसा आणि वेळ लागतो, तसाच बंद करण्यालाही लागतो. माझ्या मते बंदचा आदेश काढणाऱ्याने सहीपूर्वी चार प्रश्नांची उत्तरे लिहून द्यावीत.

एक, संपले काय? रोग संपला, की ठरवलेला आकडा गाठला? दोन, बंद केल्यावर पहारा कोण ठेवणार आणि किती वर्षे? देवीसारखा तोंडावर दिसणारा रोग असेल तर दोन वर्षे पुरतील, कुष्ठरोगासारखा लपणारा असेल तर वीसही कमी पडतील. तीन, काम ज्याच्या हाती सोपवायचे तो हात तयार आहे का? चार, जी माणसे आजवर हे करत होती ती उद्या काय करणार, आणि त्यांना ते शिकवले आहे का?

स्टिरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस घेणाऱ्याला आम्ही त्या एकदम बंद करू देत नाही. हळूहळू कमी करतो, मध्ये मध्ये बोलावून तपासतो. देशाला दिलेल्या औषधालाही हाच नियम लावावा, एवढेच माझे म्हणणे. आणि गावातल्या खासगी डॉक्टरांनाही या पहाऱ्यात धरावे. बहुतेक रुग्ण पहिल्यांदा आमच्याच पायऱ्या चढतात.

मग पोलिओचे काय?

आता त्या तरुण बापाच्या प्रश्नाकडे. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात आढळला. २७ मार्च २०१४ रोजी आपल्याला पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला. तरी डोस चालू आहेत याची कारणे दोन. पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात हा रोग अजून आहे. आणि तो देवीसारखा तोंडावर दिसत नाही. विषाणू शिरलेल्या दोनशे मुलांत साधारण एखादेच पांगळे होते. बाकीची हसत खेळत तो पसरवत राहतात.

हे थेंब एक दिवस बंद करावेच लागणार आहेत. त्यांत जिवंत, पण कमजोर केलेला विषाणू असतो. जिथे पुष्कळ मुले लसीवाचून राहतात तिथे तो पसरत पसरत क्वचित पुन्हा कडवा होतो. म्हणून पोलिओच्या तीन प्रकारांपैकी दुसरा प्रकार संपल्यावर एप्रिल २०१६ मध्ये साऱ्या जगाने एकाच वेळी तो थेंबांतून काढून टाकला. आपल्याकडे हा बदल नीट पार पडला, कारण इंजेक्शनची लस आधीच सुरू झाली होती आणि बहुतेक मुलांपर्यंत थेंब पोचले होते. पण ज्या देशांत लसीकरण कच्चे होते तिथे लसीतून आलेल्या त्याच प्रकाराने डोके वर काढले आणि पुढच्या वर्षांत तीन हजारांहून अधिक मुले पांगळी झाली. विचारपूर्वक आखलेला शेवटही एवढा अवघड असतो.

तेव्हा त्या बापाला माझे उत्तर असे : सरकार विसरलेले नाही. कोर्स अजून पुरा झालेला नाही. जगातला शेवटचा रुग्ण जाईपर्यंत आणि इंजेक्शन प्रत्येक बाळापर्यंत पोचेपर्यंत थेंब चुकवू नका. आणि थेंब बंद होतील त्या दिवशीही पहारा सोडू नका.

हा पहारा तुम्ही-आम्ही सगळ्यांनी ठेवायचा आहे. पंधरा वर्षांच्या आतल्या कोणत्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला तर त्याच दिवशी जवळच्या आरोग्य केंद्राला कळवा. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे कापूस लावलेला कळत नसेल, तर लाजू नका, मलमावर दिवस काढू नका. कुष्ठरोगाचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, सहा महिने ते वर्षभर घ्यावे लागते आणि रोग पूर्ण बरा होतो. एखाद्याचे कढई उचलण्याचे कौतुक करण्याआधी त्याचा हात मात्र जरूर पाहा.